बामाच्या डबीतला माईक

जालन्याकडच्या टेंभुर्णीत भुजंगचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. पुढं दुकान, मागं घर, घरामागं गोठा. जालन्याच्या रोलिंग मिलमधली नोकरी संपवून मी गावी आलो तेव्हापासून त्याच्या दुकानातल्या स्टुलावर बसतो. भुजंग कामाला चोख. जळालेली मोटार आली की जुनी तार काढतो, खाचा घासतो, नवी तार भरतो. एक वेढा चुकला तर सगळी गुंडाळी उकलतो, गिऱ्हाईक समोर ताटकळत असलं तरी. पण काम करताना त्याला कुणाचं ऐकू येत नाही. त्याची बायको झुंबरबाई मागच्या दारातून जेवायला हाक मारायची. तो "हां" म्हणायचा आणि जागचा हलायचा नाही. मग ती गोठ्यात जाऊन त्याच्या तक्रारी म्हशीला सांगायची.

म्हशीचं नाव चांदी. तिचं पारडू मेलं तेव्हापासून ती फक्त झुंबरबाईच्या आवाजावर पान्हा सोडायची. बाई कासेला हात लावायची आणि बोलायला लागायची. बोलता बोलता शब्द विरायचे आणि घशातून नुसती गुणगुण यायची. ते गाणं नव्हतं. ही गुणगुण सुरू झाली की धार लागायची. भुजंगनं एकदा स्वतः बसून पाहिलं आणि लाथ खाल्ली.

दिवाळीनंतर झुंबरबाईचा आवाज बसला तो सुटेना. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं, तुकडा तपासायला पाठवला. नंतर भुजंगला बाजूला घेऊन सांगितलं की आवाजाची पेटी काढावी लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही. ऑपरेशनची तारीख लगेचची दिली.

परत आल्यावर त्यानं दुकान उघडलं, पण कामाला हात लावला नाही. मोटारी दारात पडून होत्या. दुपारी तो मला म्हणाला, "दादा, तिचा आवाज धरून ठेवायचा हाय."

फोन होता. त्यानं तिच्यासमोर धरला. तिनं नाव सांगितलं, गाव सांगितलं आणि गप्प बसली. म्हणाली, "मयताच्या फोटोला बसवल्यावानी बसवून राह्यले मला."

मग त्यानं फोन गोठ्यात कोनाड्यात ठेवला आणि धार काढताना रेकॉर्ड केलं. ऐकलं तर शब्द होते, पण गुणगुण जवळजवळ नव्हती. फोन बोलणं तेवढं धरतो आणि बाकीचा आवाज गोंगाट समजून दाबतो. भुजंगनं ते पुन्हा पुन्हा लावून पाहिलं. ज्या आवाजावर म्हैस पान्हवते तोच त्यात नव्हता.

लेक आकांक्षा पुण्याला असते. तिचा कॉलेजातला जुना लॅपटॉप घरात होता. त्याला बाहेरचा माईक लावता येतो. तयार चांगला माईक परवडणारा नव्हता, म्हणून आम्ही नवीन जालना भागात नवलकिशोरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सुटा माल घ्यायला गेलो. नवलकिशोरनं विचारलं, कशासाठी? भुजंग म्हणाला, म्हशीसाठी. नवलकिशोर हसला. "म्हैस गाने लगी क्या, भुजंगसेठ?"

भुजंगनं सगळं सांगितलं. नवलकिशोरनं ड्रॉवर उघडला, शर्टाच्या बटणाएवढे कंडेन्सर माईक मूठभर काढून कागदात बांधले आणि म्हणाला, "एक तरी बराबर लागेल."

मूठभर का दिले ते घरी कळलं. त्या बटणाच्या पाठीवर दोन ठिपके असतात. त्यांना तार जोडायची. भुजंगचा हात जाड तांब्याला सरावलेला. मोटारीच्या तारेला डाग द्यायचा, म्हणजे शिसं वितळवून जोड पक्का करायचा, तर सोल्डरिंग गन दाबून धरावी लागते, तांबं तापेपर्यंत. त्यानं इथंही तशीच दाबली. पहिलं बटण मुकं झालं. दुसरंही झालं. आतला पडदा उष्णतेनं जातो. हे त्याला ठाऊक झालं होतं, तरी हात ऐकत नव्हता. तारीख जवळ येत होती आणि झुंबरबाईचा आवाज रोज थोडा आत जात होता. सकाळी ज्या शब्दाला आवाज होता तो संध्याकाळी नुसता वारा होऊन यायचा. कागदातली बटणं संपत आली तेव्हा भुजंगनं गन खाली ठेवली आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला.

मी मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून बारीक टोकाची गन मागून आणली. पकडीत बटण धरलं, म्हणजे उष्णता पकडीत जाते. भुजंगला म्हणालो, टेकव आणि उचल. त्यानं टेकवली आणि उचलली. डाग कच्चा बसला. पुन्हा टेकवली. या खेपेला बसला.

लॅपटॉपवर आवाज आला, पण त्याच्याखाली मोठी घूं होती. भुजंगनं बामाची रिकामी पत्र्याची डबी घेतली, झाकणाला भोकं पाडली, बटण आत कापसात बसवलं. साधी वायर काढून टीव्हीच्या केबलची जुनी जाळीदार वायर लावली आणि जाळी डबीला जोडली. घूं निम्मी झाली. चार्जर काढल्यावर उरलेली गेली. पण चार्जर काढला की लॅपटॉपची बॅटरी धार संपेपर्यंतसुद्धा टिकत नव्हती.

एवढीच सोय होती. संभाजीनगरला निघायच्या दिवशी सकाळी त्यानं डबी गोठ्याच्या आढ्याला दोरीनं टांगली, झुंबरबाईच्या तोंडापासून हातभर. मी शेजारच्याला कडबाकुट्टी बंद ठेवायला सांगून आलो. भुजंग कानांना हेडफोन लावून गव्हाणीजवळ उकिडवा बसला. झुंबरबाईनं डबीकडं पाहिलं, मग त्याच्याकडं, आणि चांदीच्या कासेला हात लावला. आवाज घोगरा, फाटका होता.

"सरक चांदे. उद्यापासून मी बोलणार न्हाई बरं का. ह्यांना बोलू दे. इतकी वर्सं मी बोलत राह्यले तर ह्यांना मोटारीच ऐकू आल्या. आता बघ, डबीत कान घालून बसलेत."

भुजंगनं मान वर केली नाही. शब्द विरले. गुणगुण लागली, मधेच तुटली, तिनं गिळून पुन्हा धरली. धार लागली. लॅपटॉप बंद पडला तरी ती गुणगुणतच होती. भुजंगनं हेडफोन काढला नाही. त्यात काही येत नव्हतं.

ती परत आली तेव्हा गळ्याला भोक होतं आणि त्यावर पांढरी जाळी. ती नव्हती तोवर आम्ही चांदीचे पाय बांधून धार काढली होती. दूध आटत चाललं होतं.

भुजंगनं भिंतीला स्पीकर ठोकला. झुंबरबाई कासेला बसली. त्यानं लॅपटॉपमध्ये धरलेला आवाज लावला. सरक चांदे. चांदीनं कान टवकारले, मान वळवली आणि भिंतीकडं पाहिलं. मग भिंतीकडं सरकली. बादली पडली. भुजंगनं पुन्हा पहिल्यापासून लावलं, मोठ्यानं. मग स्पीकर उपसून झुंबरबाईच्या पाठीमागं ठेवला. मग तिच्या मांडीवर. चांदी पाय झाडत राहिली. कास घट्टच होती.

"बराबर तोच आवाज हाय, दादा," तो मला म्हणाला. "बिलकुल तोच हाय. हिला कळंना कसं?"

माईकमध्ये खोट नव्हती. इतकं साफ काम मी फार कमी पाहिलंय.

तो पुन्हा लावायला गेला तेव्हा झुंबरबाईनं हात वर करून थांबवलं. हेडफोनकडं बोट दाखवलं. त्यानं जोडून दिला. तिनं कानांना लावला आणि चांदीच्या पोटाला टेकून ऐकत बसली. मोटारींच्या वाक्यापर्यंत आली असावी, कारण तिचे खांदे हलायला लागले. आधी वाटलं रडते. ती हसत होती. तोंडातून काही नाही, गळ्यातल्या जाळीतून नुसती बारीक शीळ.

भुजंगनं मान वाकडी करून ती ऐकली. मग उठून आढ्याची डबी सोडायला लागला. गाठ सुटेना. शीळ धरायची तर लॅपटॉपही रेकॉर्डिंगला लावायचा होता. झुंबरबाईनं त्याचं धोतर ओढलं आणि त्याला खाली बसवलं. पुन्हा उठू लागला तर मनगट धरलं. तो बसला. शीळ थांबेपर्यंत बसून राहिला.

मग तिनं हेडफोन काढून त्याच्या हातात दिला, कपाळ चांदीला टेकवलं आणि आचळ ओढायला सुरुवात केली. चांदी उभी राहिली. पान्हवली म्हणता येणार नाही.

दूध डेअरीवर मी नेलं. बादलीचा तळही झाकला नव्हता.