ऑरिनच्या मागे लागलेला सुरुंग

भर समुद्रात होडीचं इंजिन बंद करणं ही गोष्ट ऑरिन बेकविथने जन्मात केली नव्हती. ते इंजिन भंगारातल्या मोटारीतून उपटलेलं. सुरू करायचं तर आधी हँडल, मग शिव्या, मग विनवण्या आणि शेवटी पुन्हा हँडल. अमेरिकेतल्या न्यू लंडन बंदराकडचे शेवंडं, म्हणजे लॉबस्टर, पकडणारे सगळेच कोळी सापळे उचलताना इंजिन घरघरत ठेवत. ऑरिन जेवतानाही ठेवी. त्याची बायको हॅटी म्हणे, "आमचं लग्न लागलं तेव्हासुद्धा धक्क्यावर ते चालूच होतं. पाद्रीबाबांचं एक अक्षर मला ऐकू आलं नाही."

युद्ध सुरू झालं, एकुलता एक मुलगा मेरिल पाणबुडीवर गेला आणि ऑरिनला नौदलाने कामावर घेतलं. काम सोपं. विमानाने एक गुबगुबीत नळकांडं पाण्यात टाकायचं, त्याने खाली जाऊन काय करायचं ते करायचं आणि ते वर तरंगलं की ऑरिनने गळ टाकून ओढून आणायचं. काय करतं ते विचारायचं नाही आणि कुणाला बोलायचं नाही, अशी बायबलवर हात ठेवून शपथ. कागदोपत्री त्याचं नाव सुरुंग. सुरुंग आपल्या जागी पडून राहतो एवढं ऑरिनला ठाऊक होतं. हा मात्र दर वेळी भलतीकडेच सापडे. पण नौदलाला शहाणपण शिकवायला त्याला ठेवलं नव्हतं.

नियम एकच होता. विमान दिसलं की इंजिन बंद करायचं आणि ते बंद असल्याची खूण म्हणून पिवळा झेंडा चढवायचा. झेंडा ऑरिन अगदी वेळेवर चढवी.

"कॅप्टन, इंजिन बंद ना?" नौदलाच्या प्रयोगशाळेतला व्हिटकम पलीकडच्या बोटीवरून कर्ण्यातून विचारी. हा किडकिडीत पोरगा लाट बघूनच हिरवा पडे, आणि शेवंडवाल्याला कॅप्टन म्हणणारा सगळ्या किनाऱ्यावर तो एकटाच.

"झेंडा दिसत नाही का?" ऑरिन ओरडे. तो खोटं बोलत नसे.

आजवर त्याची होडी लांब असे, म्हणून खपून गेलं. त्या मंगळवारी ओहोटीने तिला ओढून नळकांडं पडायच्या जागेजवळ नेलं होतं. विमान आलं, नळकांडं पडलं आणि बुडालं. ऑरिनने सँडविचचा कागद सोडला. पहिला घास तोंडात असतानाच त्याला पाण्यात काहीतरी दिसलं. सीलसारखं, पण सीलला नसते तितकी घाई असलेलं. ते सरळ त्याच्याकडे येत होतं.

त्याने सुकाणू डावीकडे वळवलं. तेही वळलं. उजवीकडे वळवलं, तर उजवीकडे. त्याने इंजिनाला सगळा जोर दिला, तसं ते जास्तच खुशीत आल्यासारखं मागे धावलं. मग बुडाशी धाडकन आवाज झाला, होडीच्या पंख्याची पाती वाकली आणि इंजिन आपणहून गप्प झालं. एवढी शांतता ऑरिनने त्या होडीत कधी ऐकली नव्हती. तोंडातला घास तसाच होता.

व्हिटकमची बोट जवळ आली. पोरगा आनंदाने नाचत होता, ओकायचंसुद्धा विसरला होता. "कॅप्टन, तुमच्यासारखं लक्ष्य आम्हाला महिनाभरात मिळालं नव्हतं."

"फुटलं असतं म्हणजे?"

"आत दारूऐवजी वाळू आहे हो."

ऑरिनने घास गिळला. "त्याला डोळे आहेत?"

"कान आहेत. चार. पंख्याचा आवाज ऐकून जातं. एरवी धावताना ते ठरावीक खोलीच्या वर येतच नाही, वरच्या जहाजांना धोका नको म्हणून. आज आम्ही तो अडसर काढला होता."

"एरवी खालीच राहतं." ऑरिनने पाण्याकडे पाहिलं. "खाली कोण असतं?"

"पाणबुड्या."

"कुणाच्या?"

व्हिटकमचं नाचणं थांबलं. "ते त्याला कळत नाही, कॅप्टन. टाकणाऱ्या वैमानिकाने आधी नीट बघायचं."

हा बघणारा किती उंचावरून आणि किती वेगात बघतो, ते ऑरिन रोजच पाहत होता. आणि ऑरिनचा पिवळा झेंडा बघूनच सगळ्यांनी इंजिन बंद आहे असं धरलं होतं.

रविवारी मेरिल रजेवर आला. हॅटीने शिंपल्यांचं सार केलं होतं. ऑरिन बराच वेळ वाटीत चमचा फिरवत राहिला.

"मेरिल, तुमच्या पाणबुडीजवळ पाण्यात काही पडल्याचा आवाज आला, तर इंजिन बंद करा. आणि गप्प बसा."

मेरिलचा चमचा हवेतच राहिला. "इंजिन बंद करा? हे तू सांगतोयस, बाबा?"

हॅटीने नवऱ्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप तर नाही."

"मी हल्ली बंद करतो," ऑरिन म्हणाला.

"कधीपासून?"

"मंगळवारपासून. हँडल मारलं की दंडाला बरं असतं."

मेरिल खो खो हसला. मग बापाच्या चेहऱ्याकडे बघून थांबला. त्याने हळूच विचारलं, "विमान आपलं असलं तरी?"

ऑरिनने पाव मोडला. मोडलेला पुन्हा मोडला. "सार निवतंय," तो म्हणाला.

मेरिलने त्या पावाच्या चुऱ्याकडे पाहिलं. "आमच्या कॅप्टनला सांगतो," तो म्हणाला.

"माझं नाव सांगू नकोस."

"तुझं नाव सांगितलं तर कोण ऐकेल, बाबा? इंजिन कधीच बंद न करणारा म्हणून सगळं बंदर तुला ओळखतं."