इटलीची ओळख, दहा स्लाइड्समध्ये

सोळा ऑगस्टची सकाळ. अमेरिकेतल्या अल्फारेटाच्या ऑफिसात आम्ही स्पीकरफोनभोवती बसलो होतो आणि इटलीतल्या कारखान्यात फोन नुसता वाजत होता. साल २००५. त्या दिवशी तिथे आमचं नवं सॉफ्टवेअर सुरू झालं होतं. याला आम्ही गो-लाइव्ह म्हणतो. कारखान्याने ते आठवडाभर वापरायचं आणि मग ‘साइन-ऑफ’ द्यायचं, म्हणजे काम पसंत असल्याची सही. त्या सहीवर माझं कॉन्ट्रॅक्ट वाढणार होतं आणि कॉन्ट्रॅक्टवर व्हिसा. मुलगी नुकतीच पहिलीत गेली होती.

तारीख मीच काढली होती. जूनमध्ये बॉस ग्रेग म्हणाला, “संजय, टीमला इटालियन कल्चरचं इंट्रोडक्शन दे.”

“मी? मी चिपळूणचा आहे.”

“तेच तर! तूही फॉरेनर, तेही फॉरेनर.”

या लॉजिकपुढे मी हात टेकले. लायब्ररीतून तीन पुस्तकं आणून दहा स्लाइड्स केल्या. जेवणानंतर कॅपुचिनो मागू नये. प्रत्येक गावाचा एक संत असतो, त्याच्या दिवशी गाव बंद. शेवटच्या स्लाइडवर सुट्ट्या: १५ ऑगस्ट, फेरागोस्तो, एक दिवस. म्हणून गो-लाइव्ह सोळाला. माणसं ताजीतवानी येतील. कारखान्याच्या मॅनेजर पाओलाबाईंनी ईमेल केली, “उत्तम तारीख. कुणालाच त्रास होणार नाही.” मी ती प्रिंट करून क्युबिकलमध्ये लावली.

शेवटी फोन वॉचमनने उचलला. मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये म्हणाला, “सगळे समुद्रावर. सप्टेंबर!” आणि ठेवून दिला.

“सप्टेंबर?” ग्रेग ओरडला. “तुझ्या स्लाइडवर एक दिवस होता!”

माझी पाचावर धारण बसली. घरी बायकोला सांगायची हिंमतच झाली नाही.

पुढचे दोन आठवडे सिस्टिम सुरेख चालली. चालणारच, वापरणारं कोणी नव्हतं. ग्रेगने वर रिपोर्ट पाठवला: “दोन आठवडे, एकही कम्प्लेंट नाही.” वरचे एवढे खूश झाले की सहीची वाट न बघता माझं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं. सप्टेंबरात कारखाना उघडला आणि पहिल्याच सकाळी तक्रारींचा पाऊस पडला. तोवर माझ्या व्हिसाचे कागद रवाना झाले होते. पाओलाबाईंनी फोनवर आधी प्रेमाने विचारलं, “तुम्ही सुट्टीला कुठे गेला होतात?” मग अर्धा तास झापलं.

रविवारी आईला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, “अरे, कॅलेंडरात गणपतीचीही सुट्टी एकच दिवस असते. तुझे बाबा मुंबईहून आले की गौरी-विसर्जन झाल्याशिवाय कधी हलले का?”

तीन पुस्तकं वाचण्याऐवजी आधीच तिला फोन करायला हवा होता. पुढच्या वर्षी ग्रेगने ब्राझीलचं इंट्रोडक्शन सांगितलं, तेव्हा मी स्लाइड्स केल्याच नाहीत. तिथल्या मॅनेजरला सरळ विचारलं, “तुमच्याकडे लोक गावाला कधी जातात?”