आत्यानं भरून दिलेल्या बाटल्या

आत्या गेली तेव्हा मी अमरावतीला कॉलेजच्या प्रयोगशाळेत पोरांना पाण्यातले क्षार मोजायला शिकवत होतो. अकोल्याच्या दवाखान्यातून सविताचा, तिच्या सुनेचा, फोन आला. "भाऊजी, बाई गेल्या... डायलिसिस चालू असतानाच गेल्या." मी बरं म्हणालो आणि प्रात्यक्षिक पूर्ण केलं. पोरांना वाटलं असेल, सर किती कर्तव्यदक्ष! कर्तव्य कसलं डोंबलाचं, मला तिचं तोंड पाहायची हिंमत होत नव्हती. आता महिना उलटून गेलाय. नातेवाईक म्हणतात, तू आत्यावर लिही, छान लिहिशील. छान जमणार नाही, खरं तेवढं लिहितो.

आत्याचं गाव दर्यापूरकडे, खारपाणपट्ट्यात. तिथं जमिनीखालचं पाणीच खारं. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. आत्या निंदण-खुरपण करायची आणि महिन्यातून एकदा एसटीनं अमरावतीला माझ्या वसतिगृहावर यायची, पिशवीत तुरीची डाळ आणि तोंडात शिव्या घेऊन. फटकळ बाई! मी पीएचडी झालो तेव्हा सगळ्या वस्तीसमोर म्हणाली, "एवढा शिकला, अन् शर्टाची गुंडी आजूक आत्याच लावून देते!" पण नंतर घराघरात जाऊन, आमचा बाबू डॉक्टर झाला, पाण्याचा डॉक्टर, हे तिनंच सांगितलं. आमच्या घराण्यात कॉलेजात शिकवायला लागलेला मी पहिला.

माझं संशोधन त्याच पट्ट्यातल्या विहिरींवर होतं. दर महिन्याला प्रत्येक विहिरीचं पाणी तपासायचं. बाकी गावांना मी स्वतः जायचो, आत्याच्या गावच्या बाटल्या मात्र तिच्याकडेच ठेवल्या. घरचं माणूस, कशाला खेटे घालायचे? बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळून मग काठोकाठ भरायची, एवढं शिकवलं. ती अगदी तसंच करायची. दर महिन्याला पाणी गोड निघायचं. आजूबाजूला सगळं खारं आणि मधेच ही एक गोड विहीर! मी हरखून गेलो. तिच्या घरी जायचो तेव्हा ती तांब्या भरून द्यायची, तेही पाणी गोडच लागायचं. मग शंका कशाची घ्यायची? विहीर घरामागे पन्नास पावलांवर होती. मी एकदाही बादली सोडली नाही.

खाऱ्या पट्ट्यातल्या या गोड पाण्यावर मी निबंध लिहिला. परिषदेत टाळ्या पडल्या. पुढं पाणी शुद्ध करायची यंत्रं कोणकोणत्या वस्त्यांना द्यायची याची यादी झाली, तेव्हा पाणीपुरवठ्याच्या साहेबांनी माझा अहवाल पाहून आत्याची वस्ती वगळली. गोड पाणी आहे म्हटल्यावर यंत्र कशाला? आत्यानं मला एका शब्दानं विचारलं नाही. उलट तोंडभर हसून म्हणाली, "आपल्या विहिरीनं तुहं नाव केलं रे बाबू!"

तीन वर्षांपूर्वी तिचे पाय सुजले. अकोल्याला नेलं तर दोन्ही किडन्या गेलेल्या. डॉक्टरनं विचारलं, पाणी कोणतं पिता? तिच्याआधी मीच बोललो, "पाण्याचा प्रश्नच नाही, डॉक्टर. मी स्वतः तपासलंय." केवढ्या रुबाबात बोललो मी! आत्या खाली मान घालून बसली होती. डॉक्टर बाहेर गेल्यावर म्हणाली, "बाबू, थे पाणी आमच्या विहिरीचं नोयतं."

बाजूच्या गावच्या नळावरून तिचा मुलगा रोज मोटारसायकलवर एक कॅन आणायचा. ते पाणी पाहुण्यांसाठी. घरची माणसं विहिरीचं प्यायची. पाण्यापायी आमच्या लोकांनी काय काय सोसलं ते मी सांगायला नको. दारी आलेल्याला चांगलं पाणी देता येणं ही आत्याची ऐट होती. माझी बाटली म्हणजे तिच्या लेखी पाहुणाच. "तुह्या कॉलेजात आपल्या घरचं पाणी जाते, त्यात खारं कसं देऊ? लोकं काय म्हनतीन?" बाटली ती तीनदा विसळायची, तीही त्या गोड पाण्यानं. मी सांगितलं होतं ना, त्याच पाण्यानं विसळायची.

"मग निबंध छापून आला तेव्हा का नाही सांगितलंस?" मी ओरडलो. होय, त्या अवस्थेतल्या बाईवर ओरडलो. ती म्हणाली, "तवा तं तुहं नाव झालं होतं."

पुढच्या महिन्यात माझी बढतीची मुलाखत होती, आणि त्याच निबंधावर होती. निबंध चुकला, वस्तीला यंत्र द्या, असं साहेबांना एक पत्र लिहायचं होतं, फक्त एक. मी म्हणालो, मुलाखत झाली की लिहितो. आत्याच म्हणाली, राहू दे. मला तेवढंच हवं होतं. मी प्राध्यापक झालो. आठवड्यातून दोनदा तिच्या अंगात सुया टोचत राहिल्या आणि घरी सगळे तेच पाणी पीत राहिले... किडनी जायला कारणं अनेक असतात, हे मला कळतं, मी वर्गात शिकवतोसुद्धा. त्या वाक्याआड तीन वर्षं लपलो मी. पत्र आता दिलंय, ती गेल्यावर. केवढा मोठा पराक्रम!

आत्याच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना आटोपून पाहुणे पांगल्यावर मी घरामागे गेलो, बादली सोडली, पाणी शेंदलं आणि क्षार मोजायचा मीटर बुडवला. जीभ लावली असती तरी कळलं असतं. सविता तिच्या लहान पोरीचे कपडे वाळत घालत होती, ती जवळ आली.

"काय निघालं, भाऊजी?"

"पिण्यालायक नाही."

"थे तं आमाले मालूमच हाय," ती म्हणाली. "तुमाले कधी मालूम झालं?"

आवाजात राग नव्हता. तिनं नुसतं विचारलं होतं.

"तीन वर्षं झाली," मी म्हणालो.

पाहुण्यांची कॅन दुपारीच संपली होती. तिनं माझ्या हातातली बादली घेतली, आत्याच्या रांजणाच्या तोंडावर फडकं धरलं आणि ते पाणी गाळून आत ओतलं.

"पोरीले प्याले पायजे नं," ती म्हणाली.