आमच्या ओसरीतला फायबरचा कारखाना

सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. वेळ पक्की आठवते, कारण माझ्या लेकीला, चिऊला, तापाचं औषध साडेदहाला द्यायचं होतं आणि माझा डोळा घड्याळावरच होता. तेवढ्यात दारात धाडकन आवाज झाला आणि आमच्या घराला फायबर लागलं.

त्या दुष्काळात टँकरच्या रांगेत दोन-दोन तास उभं राहावं लागायचं. रांगेत घागर पुढं सरकत नाही, पण तोंड चालतं. एकीनं सासूचं सांगितलं की दुसरी नवऱ्याचं सांगते. माझ्याकडं दर आठवड्याला नवीन माल असायचा. बाया म्हणायच्या, "रेखा, आज काय केलं गं तुझ्या कारखानदारानं?" सांगून सांगून एवढं साठलं, की आता लिहूनच काढते.

तर झालं असं. आमचे मालक, महादेव नाव, मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना पाण्याचे कॅन बांधून येत होते. दारात गाडी कलंडली. कॅन फुटले नाहीत, पण गाडीच्या बाजूचं पॅनल, म्हणजे सीटखालचं ते प्लास्टिकचं झाकण, मधोमध तडकलं.

मी म्हणाले, "लातूरला कंपनीचं मिळतंय की. गेल्यावर आणा."

तेवढ्यात बसू आला. बसू म्हणजे बसवराज, यांचा शाळेपासूनचा दोस्त. आयटीआयला एक वर्ष जाऊन आला आणि तेव्हापासून स्वतःला इंजिनियर समजतो. त्यानं पॅनल उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाला, "कंपनीचं कशाला? घरी करू. फायबरचं! म्हादू, आपलं उदगीर उद्या जिल्हा होणार. जिल्हा झाला की ऑफिसं येणार, साहेब येणार, साहेबांची पोरं येणार. त्या पोरांच्या गाड्यांना पॅनल कोण देणार?"

आमच्या मालकांनी छाती पुढं काढली. तापाचं औषध द्यायला मला पाच मिनिटं उशीर झाला.

०

मी पहिल्याच दिवशी एक अट घातली. "काय करायचं ते मागच्या पत्र्याच्या शेडात करा. चिऊ रांगून राहिली. जमिनीवर जे दिसंल ते तोंडात घालती. ती पाय टाकायच्या आत हे सगळं घराबाहेर गेलं पाहिजे."

बसू म्हणाला, "वैनी, शेडात ऊन लई. रेझीनला सावली लागती."

"आन् लेकराला?"

"लेकराला काय, ते कुठंबी राहतंय."

रेझीन म्हणजे काकवीसारखं घट्ट, उग्र वासाचं. त्यात हार्डनर नावाचं औषध थेंब-थेंब टाकायचं, म्हणजे ते दगडासारखं कडक होतं. हार्डनर दिसायला अगदी पाण्यासारखं. मी डबा हातात घेऊन बघत होते, तर बसू हसला. "वैनी, ही केमिस्ट्री हाय. सातवीवाल्याला न्हाई कळायची."

मी म्हणाले, "डब्यावर हिंदीत लिहिलंय, बच्चों की पहुँच से दूर रखें. एवढं वाचायला सातवी पुरती, भाऊजी. तुमची आयटीआय कमी पडली वाटतं!"

तरी डबा ओसरीतच राहिला.

०

पहिल्या पॅनलसाठी त्यांनी प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा केला. साच्याला आधी मेण घासायचं असतं, म्हणजे वाळल्यावर माल सुटून येतो. लाडू वळताना हाताला तूप लावतो, तसंच. हे दोघं मेण आणायला लातूरला गेले, तिथं चहा पिला, जिल्ह्याच्या गप्पा मारल्या, आणि मेण सोडून सगळं घेऊन आले.

"मेणाबिगर काय अडतंय?" बसू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पॅनल सुटेना. आधी बोटांनी ओढलं, मग स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटलं, मग माझ्या पाट्यावरचा वरवंटा उचलला. साचा फुटला, पॅनल फुटलं, वरवंट्याचा टवका गेला. उरलेल्या तुकड्याला प्लास्टर असं चिकटलेलं, की कुठं साचा संपतो आणि कुठं पॅनल सुरू होतं ते कळेना.

घाम पुसत बसू म्हणाला, "पण पकड बघितली का म्हादू? कंपनीच्या मालाला अशी पकड असती का?"

०

दुसऱ्या खेपेला बसूला साधं पॅनल नको होतं. "डिझाईन पाहिजे! वाघाचा जबडा!"

त्यासाठी त्यानं टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल आणला आणि दोन दिवस कोरत बसला. चिऊनं पांढरे दाणे दोनदा तोंडात घातले, दोनदा मी बोट घालून काढले. वाघ मांजरासारखा झाला, पण झाला. मग त्यावर मोठ्या थाटात रेझीन ओतलं.

रेझीन लागताच थर्माकोल विरघळून चर्र करून आत बसायला लागला. आधी कान गेले, मग नाक गेलं, मग जबडा आत ओढला गेला. पाच मिनिटांत वाघाच्या जागी चिकट खळगा!

माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्या म्हणते, तांदूळ निवडत हे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "बश्या, तुझ्या वाघानं सोतालाच खाल्लं की रं!"

०

हार्डनर किती टाकायचं याचं माप असतं. बसूचं माप म्हणजे अंदाज.

एकदा त्यानं माझ्या न्हाणीतल्या मगात रेझीन घेतलं. त्याच मगानं चिऊची आंघोळ व्हायची. "आज लवकर वाळवू," म्हणून त्यात भसकन हार्डनर ओतलं. हातातला मग गरम लागायला लागला. मग चटका बसला. तेवढ्यात मगातून धूर निघाला आणि मगच वितळून फरशीवर बसला. जाळ नाही, काडी नाही, नुसतंच धुमसतंय! मी चिऊला उचलून थेट रस्त्यावर. शेजारच्या काकू विचारायला लागल्या, "काय जळून राहिलं गं?" मी म्हणाले, "डोकी!"

आत मालक घागर घेऊन धावले, तर आत्या दोन्ही हात पसरून आडव्या झाल्या. "पाणी न्हाई द्यायची! आठ दिसांनी टँकर आलाय. माती टाक!"

मातीनं विझलं. बसू लांबूनच म्हणाला, "चूक आपली न्हाई. औंदा गरमीच लई हाय."

०

सगळ्यात जास्त पाणी कशाला लागतं ठाऊक आहे? घासायला. पॉलिशपेपर पाण्यात बुडवून पॅनल घासावं लागतं. दुष्काळात पाणी मागायला लाज वाटली, म्हणून या दोघांनी कोरडंच घासलं. ही यांची माझ्यावर मेहेरबानी!

फायबरमध्ये काचेचे बारीक धागे असतात, त्यांची पूड सगळ्या ओसरीवर उडाली. मालकांनी तोच शर्ट धुण्यात टाकला. पाणी कमी, म्हणून मी सगळ्यांचे कपडे एकाच बादलीत भिजवले. चिऊची झबली पण.

दुसऱ्या दिवशी घर खाजवायला लागलं. आत्या दाराच्या चौकटीला पाठ घासायला लागल्या. त्यांना वाटलं देवीचा कोप झाला, म्हणून त्यांनी माहूरच्या रेणुकामातेला नारळ बोलला. मला कळलं होतं देवी कोणती ते. ती ओसरीत पॉलिशपेपर घेऊन बसली होती, मिशावाली!

चिऊचं सगळं अंग लाल झालं. रडून रडून लेकराचा आवाज बसला. डॉक्टरांनी मलम दिलं. मी मालकांसमोर ती झबली आपटली. "घाला हे अंगात. घाला आन् दिवसभर बसा!"

ते बिचारे झबली गोळा करायला लागले. बसू मात्र म्हणाला, "वैनी, नवीन फायबरला थोडी खाज असतीच. दोन दिसांत अंगाला सवय होती."

त्या दिवशी मी त्याला चहा दिला नाही. पाच वर्षांत पहिल्यांदा.

०

पण दुसरं पॅनल झालं हो शेवटी! खडबडीत होतं, एका बाजूला जाड आणि दुसरीकडं पापडासारखं, तरी झालं. बसूनं त्याला भगवा रंग दिला आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'जिल्हा'. खाली बारीक 'उदगीर'.

दोनच दिवसांनी जिल्ह्याच्या मागणीसाठी मोटारसायकलींची रॅली होती. यांची गाडी सगळ्यात पुढं. पॅनलला भोकं जुळली नव्हती, म्हणून तारेनं बांधलेलं. बसू मागं बसून घोषणा देत होता. मी चिऊला कडेवर घेऊन चौकात उभी होते.

चौकात खड्डा आला. तार तुटली. पॅनल घरंगळत रस्त्यावर गेलं आणि मागच्या चार गाड्या त्याच्यावरून गेल्या. यांना पत्ताच नाही, हे पुढंच! शेवटी मागून एक म्हातारा मोपेडवाला जिवाच्या आकांतानं ओरडला,

"ओ भाऊ! थांबा की! तुमचा जिल्हा पडला!"

०

मला वाटलं, आता तरी सुटले. कसलं काय! तिसरं पॅनल सुरू झालं.

या खेपेला मेण होतं, साचा चांगला होता, कूलरच्या टाक्या बनवणाऱ्या एका माणसाला विचारून माप पण घेतलं होतं. आणि नेमकं हेच पॅनल कडक होईना. एक दिवस झाला, दोन दिवस झाले, बोट लावलं की चिकट. बसू म्हणाला लातूरच्या दुकानदारानं फसवलं. मग म्हणाला हवा बरोबर नाही. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "कुणाची तरी नजर लागली."

दोघं रोज आणखी हार्डनर टाकायचे. रेझीन पांढरट, दुधाळ व्हायला लागलं. बसू खुशीत म्हणाला, "दुधाळ रंग आला, म्हणजे माल असली हाय!"

हार्डनरच्या मूळ डब्याचं झाकण गळत होतं, म्हणून या शहाण्यांनी ते पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवलं होतं. ओसरीच्या बुटक्या खिडकीत. मी दोनदा उचलून फळीवर ठेवलं, दोनदा ते खाली आलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी टँकर आला. आत्या घागरी घेऊन रांगेला गेल्या. मी आत ज्वारी पाखडत होते. चिऊचा आवाज बंद झाला. सूप तिथंच टाकलं. मी ओसरीत आले.

चिऊ भिंतीला धरून उभी होती. आयुष्यात पहिल्यांदा! खिडकीतली बाटली तिच्या हातात, झाकण खाली, हनुवटी ओली, झबलं ओलं.

मी कशी ओरडले मला ठाऊक नाही. मालकांनी गाडी काढली. मी मागं चिऊला छातीशी धरून, बसू दुसऱ्या गाडीवर बाटली घेऊन.

डॉक्टरांनी विचारलं, "उलटी काढली का?"

"न्हाई."

"चांगलं केलं. काढू नका. काय प्यायली?"

मालक म्हणाले, "हार्डनर."

"त्यात काय असतं?"

मालकांनी बसूकडं बघितलं. बसू म्हणाला, "सर, ते रेझीन कडक करतंय."

"आणि लेकराच्या पोटाला काय करतंय?"

केमिस्ट्रीवाल्या इंजिनियरनं नुसती बाटली डॉक्टरांपुढं केली. महिनाभर जे दोघं मला "काय होत न्हाई" म्हणत होते, त्यांच्यातल्या एकाच्याही तोंडातून तेवढंच एक वाक्य तेव्हा निघेना. मी ऐकायला जीव टाकत होते, आणि निघेना!

डॉक्टरांनी चिऊचं तोंड उघडून बॅटरीनं बघितलं. ओठ बघितले, घसा बघितला. बाटलीचा वास घेतला. परत घेतला. कपाळाला आठ्या पडल्या.

तेवढ्यात आत्या आल्या. रांगेतून तशाच पळत, डोक्यावरची चुंबळ पण काढली नव्हती. त्यांनी चिऊला बघितलं, डॉक्टरांच्या हातातली बाटली बघितली आणि म्हणाल्या, "ही व्हय? ही पिली व्हय?"

मी रडतच मान हलवली.

"आगं मग रडती कशाला! तीन दिस झालं, म्या त्यातलं उकिरड्यावर ओतून दिलं. घाण वास मारत हुतं. राखंनं तीनदा घासून पाणी भरून ठिवलं. एवढ्या दुष्काळात बाटली रिकामी ठिवती का कुणी?"

मी तिथंच फरशीवर बसले. डॉक्टर खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "तरी संध्याकाळपर्यंत लेकरू इथंच राहू दे, लक्ष ठेवू." चिऊ माझ्या पदराशी खेळत हसत होती.

आणि आमच्या मालकांचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी बसूच्या पाठीवर जोरात थाप मारली.

"बश्या! तरीच पॅनल वाळंना!"

०

तुमच्या गल्लीत कुणाच्या ओसरीत फायबर चालू असेल, तर त्या घरी एवढा निरोप द्या: असलं औषध पाण्याच्या बाटलीत ठेवू नका, आणि लेकराच्या हाताला लागेल असं तर मुळीच ठेवू नका. निरोप बापाजवळ देऊ नका. आईला द्या.