संगमेश्वरनं जपलेली यादी

पुण्याच्या एका कंपनीनं संगमेश्वर बिरादारला फसवलं. स्वतःची चूक त्याच्या नावावर घातली. माणूस गेल्यावर गोड लिहायचं असतं, हे मला माहीत आहे. पाच आठवडे प्रयत्न केला, जमलं नाही.

देगलूरहून वहिनींचा, म्हणजे संगमेश्वरच्या बायकोचा, फोन आला तेव्हा मी लातूरच्या दुकानात एका गिऱ्हाइकाशी प्रिंटरच्या भावावरून हुज्जत घालत होतो. "अण्णा, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. गिऱ्हाईक म्हणेल त्या भावात प्रिंटर दिला आणि गाडी काढली...

कॉम्प्युटर दुरुस्त करत करत मी वर आलो. संगमेश्वर माझ्याकडं बारा वर्षं होता. मोंढ्यात शेतमालाचं वजन झालं की जी पावती निघते, तिचं सॉफ्टवेअर त्यानं लिहिलं. असलं सॉफ्टवेअर सगळंच कुणी स्वतः लिहीत नाही. तारीख मांडायची, आकडे जुळवायचे, छपाई करायची, अशा कामांची पॅकेजं जगात कुणी कुणी लिहून फुकट ठेवलेली असतात, ती घ्यायची. त्या पॅकेजांना पुन्हा दुसरी पॅकेजं लागतात. कुठलं पॅकेज, कितवी आवृत्ती, याची नेमकी यादी संगमेश्वर प्रोग्रामबरोबर ठेवायचा. त्यातला एक आकडा बदलायचा झाला तरी आदल्या दिवसाच्या सगळ्या पावत्या जुन्यावर आणि नव्यावर काढायचा, आणि फूटपट्टी लावून ओळ न् ओळ ताडून बघायचा.

"नवीन फुकट मिळायलंय, तर जुनं कशाला धरून बसलास?" मी ओरडायचो.

"फुकटाचा भाव करता येत न्हाई, म्हणून तुम्ही चिडता अण्णा," तो म्हणायचा. "नवीन घेऊ की. पण बघून."

पुढं बऱ्याच मोंढ्यांचं काम त्या पुण्याच्या कंपनीकडं गेलं. त्यांनी आमचं सॉफ्टवेअर घेतलं, देखभाल संगमेश्वरकडं ठेवली. त्यांना एक नवं पॅकेज बसवायचं होतं, ते यादीतल्या आवृत्त्यांशी जुळेना. संगमेश्वर कंधारला भाचीच्या लग्नात होता. त्यांच्या व्यवस्थापकानं त्याला विचारलं नाही, सरळ यादीच काढून टाकली. यादी गेली की सगळी पॅकेजं नव्यातली नवी येऊन बसतात. दुसऱ्या दिवशी सकाळी नांदेडच्या मोंढ्यात सोयाबीनच्या पावत्या निघाल्या, तर किलोच्या खालचं वजन प्रत्येक पोत्यामागं उडालेलं. शेतकऱ्यांनी काटे बंद पाडले.

कंपनीनं अहवाल लिहिला : बिरादार यांचा निष्काळजीपणा. तो माझा माणूस, म्हणून खाली माझी सही मागितली. मला काम टिकवायचं होतं. मी सही केली.

तिसऱ्या दिवशी संगमेश्वर एक कागद घेऊन आला. प्रोग्राममधली कुठली ओळ कुणी, किती वाजता काढली, याची नोंद आपोआप राहते. त्या नोंदीत व्यवस्थापकाचं नाव होतं.

"खरं हाय रे," मी म्हणालो. "पण आत्ता न्हाई. हंगाम जाऊ दे."

"बरं, अण्णा."

कागद माझ्या टेबलावर ठेवून तो गेला. पुन्हा त्यानं विषय काढला नाही. कंपनीच्या सांगण्यावरून मी त्याला कामावरून कमी केलं. तो जिथं नोकरी मागायला जाई, तिथं अहवाल आधीच पोचलेला असे. शेवटी देगलूरला टायपिंग शिकवत होता. हंगाम गेला... असे तीन गेले. त्याचं हृदय कशानं थांबलं ते डॉक्टरांनी सांगावं, मी सांगणार नाही.

माती झाल्यावर वहिनींनी मला बाजूला घेतलं. "खरं सांगा अण्णा, यांच्या हातून चूक झाली व्हती का? पोरगी कॉम्प्युटरलाच हाय. कॉलेजात कुणीतरी तिला तो अहवाल दाखविला. तवापासून बोलत न्हाई."

"न्हाई वहिनी, त्याची चूक न्हाई."

"मग त्यावर तुमची सही कशी?"

जन्मभर मी समोरच्याला बोलण्यात गुंडाळत आलो. त्या दिवशी 'येतो वहिनी' एवढं म्हणून गाडीत जाऊन बसलो.

ते उत्तर इथं देतो. ती सही खोट्यावर होती, आणि मी लोभानं केली. नोंदीचा तो कागद मी त्याच्या मुलीच्या हातात दिला आहे. आता त्या व्यवस्थापकानं बोलावं. फोन नको, मध्यस्थ नको. यादी मी काढून टाकली, असं कंपनीच्या कागदावर, स्वतःच्या सहीनं लिहावं. नाव दुसऱ्याचं का घातलं, तेही लिहावं. पत्र त्या पोरीच्या नावानं जावं. माझ्या नावानं आलं तर मी ते घेणार नाही.