ऑर्बिनची पाठ

आमच्या खोऱ्यातली जेवढी पोरं डॉक्टर झाली, ती सगळी आधी ऑर्बिन स्टिडमच्या पाठीवरून गेली. हे मी कौतुकाने सांगत नाही. मी डॉक्टर अँबर्गींची नर्स, त्या पाठीवर चादर घालायचं काम माझं होतं.

ऑर्बिन कोळशाच्या खाणीत, छत खचू नये म्हणून, त्याला सळ्या ठोकायचा. एकदा छतानेच त्याला ठोकलं. तेव्हापासून दर गुरुवारी तो आमच्या टेबलावर पालथा पडायचा. आमचे डॉक्टर ऑस्टिओपॅथ. औषधं-इंजेक्शनं इतर डॉक्टरांसारखीच देतात, पण आधी हात. सांधे, स्नायू हाताने चाचपायचे, कुठे अडकलंय ते शोधायचं, मोकळं करायचं.

या शाखेच्या कॉलेजांनी एक सोय ठेवली आहे. पोरगं साध्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असतानाच त्याची डॉक्टरकीची जागा धरून ठेवतात, खिडकीतून रुमाल टाकावा तशी. मोठी प्रवेशपरीक्षा माफ. अटी अशा की गुण घसरता कामा नयेत, दुसरीकडे अर्ज करायचा नाही, आणि एखाद्या ऑस्टिओपॅथने हाताखाली वागवून शिफारसपत्र द्यायचं. ज्यांच्या घरात परीक्षेच्या शिकवणीचे पैसे नाहीत, त्यांच्यासाठी तो रुमाल फार मोठा.

म्हणून पोरं आमच्याकडे यायची, उन्हाळाभर डॉक्टरांच्या मागे फिरायची, आणि शेवटी डॉक्टर त्यांना ऑर्बिनच्या पाठीपाशी उभं करायचे. "सांग, कुठे अडकलंय?" सांगितलं तर पत्र.

सांगायचा ऑर्बिनच. बोटं नेमक्या जागी आली की तो दातांतून हळूच श्वास ओढायचा, "स्स." डॉक्टरांचा एक कान केव्हाच गेलेला. पोरगं लगेच म्हणायचं, "इथे, सर." आणि ऑर्बिन मला डोळा मारायचा.

"गरिबाचं लेकरू आहे, लोव्हिना," तो नंतर म्हणायचा. "माझं काय जातंय? एक श्वास."

चर्चच्या जेवणात मक्याच्या पावाचा घास तोंडात ठेवून तो सगळ्यांना ऐकवायचा, "एवढे डॉक्टर झाले या पाठीवर, आणि पाठ आहे तशीच." मिरवायला त्याच्याकडे दुसरं होतं तरी काय?

मग त्याच्या बायकोची, व्हर्लीची, पाठ दुखायला लागली. त्या पोरांपैकी केल्टन तोवर मोठ्या गावातल्या इस्पितळात डॉक्टर झाला होता. ऑर्बिन तिला हौसेने त्याच्याकडेच घेऊन गेला. आपल्या पाठीवर शिकलेला पोरगा, मग परक्याकडे कशाला? केल्टनने सगळी पाठ चाचपली. व्हर्ली कण्हणाऱ्यातली नव्हती. दाढ उपटतानासुद्धा तिने खुर्चीचा दांडा धरला नव्हता. ती गप्प पडून राहिली. केल्टन म्हणाला, स्नायू धरलाय, आणि मलम देऊन त्याने तिला घरी पाठवलं. खरं काय होतं ते शरदात कळलं, आणि थंडी संपायच्या आत व्हर्ली गेली.

"हाताने नसतं कळलं रे, कुणालाच," आमचे डॉक्टर त्याला म्हणाले. ऑर्बिनने ऐकून घेतलं. पटलं मात्र नाही. एकदा दवाखान्याच्या पायरीवर बसून तो मला म्हणाला, "त्याचं लक्ष हाताकडे नव्हतं, लोव्हिना. तिच्या तोंडाकडे होतं. 'स्स' कधी येतंय म्हणून वाट बघत होता."

पुढच्या उन्हाळ्यात त्याची नात रेलिन आली. आजोबाला ती पॅपॉ म्हणायची. हुशार पोर. आई किराणा दुकानात गल्ल्यावर. पत्र मिळालं तर जागा पक्की, नाहीतर डॉक्टरकीचा नाद सोडून आईशेजारच्या गल्ल्यावर उभं राहायचं, हे तिने मला स्वतःच सांगितलं होतं. आम्ही सगळे निर्धास्त होतो. पाठ घरचीच होती.

त्या गुरुवारी चादर घालताना मी ऑर्बिनला म्हटलं, "आज जरा मोठ्याने ओढ श्वास. डॉक्टरांचा दुसरा कान गेला तरी चालेल." तो हसला नाही.

रेलिनची बोटं मानेपासून खाली गेली, परत वर आली. ती जागा मला पाठ होती. बोटं तिच्यावरून गेली आणि ऑर्बिन ओंडक्यासारखा पडून राहिला. पुन्हा गेली. तरी नाही.

"काय गं, कुठे?" डॉक्टरांनी विचारलं.

"थांबा, सर."

मला ऑर्बिनचा असा संताप आला म्हणून सांगू. गावच्या पोरांना वाटत सुटला आणि घरच्या पोरीपुढे मूठ आवळली.

"नाही सांगता येत, सर," रेलिन शेवटी म्हणाली. हात मात्र पाठीवरच होता. "सगळी पाठच लाकूड झालीय. पण... हा श्वास घेत नाहीये. पॅपॉ, तू श्वास का धरून ठेवलायस?"

मग ऑर्बिनने श्वास सोडला. पाठ तिच्या हाताखाली खाली बसली आणि तो रडायला लागला.

"आत्ता लागलं हाताला," रेलिन म्हणाली. "इथे, सर."

डॉक्टर स्टुलावर बसले. "ऑर्बिन, आधीच्या पोरांना तू सांगत होतास?"

"हो."

"सगळ्यांना?"

"केल्टनलापण, डॉक."

डॉक्टरांनी आपल्या हातांकडे पाहिलं. "पत्र सोमवारी घेऊन जा," ते रेलिनला म्हणाले. मग ऑर्बिनला, "आणि तू आजपासून नुसता पेशंट."

रेलिनची जागा धरली गेली. आता पोरांना डॉक्टर माझ्या पाठीपाशी उभं करतात. पेशंट उचलून उचलून तीही काही सरळ राहिलेली नाही. पत्रं पूर्वीपेक्षा कमी जातात.

ऑर्बिन गुरुवारी लवकर येतो आणि बाहेर बाकावर बसून राहतो. मी बाहेर आले की दर वेळी तेच विचारतो.

"काही बोलली नाहीस ना?"

"नाही," मी सांगते. "व्हर्लीसारखी पडून राहिले."