डाव्या बाजूचा ब्रेक

उज्वला मॅडम सोमवारी खोटं बोलत नाहीत. सोमवारचा उपास, कपालेश्वराचं दर्शन आणि दिवसभर खरं बोलणं, हा त्यांचा नेम लग्नाआधीपासूनचा. बाकीच्या सहा दिवसांचं त्यांनी देवाला काही कबूल केलेलं नाही. सिडकोतल्या बायकांना हे चांगलं ठाऊक आहे. म्हणून "मॅडम, मला जमेल का हो गाडी?" हे विचारायला त्या सोमवार टाळून येतात.

सव्वीस वर्षं मॅडमनी बायकांचा ड्रायव्हिंग क्लास चालवला, आणि त्यातली पंचवीस एकाच गाडीवर. दुधी रंगाची जुनी पद्मिनी. क्लासच्या गाडीला असतात तसे तिला डाव्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक होते. शिकणारी उजवीकडे, मॅडम डावीकडे. शिकणारीच गाडी घरून काढायची आणि फेरी संपली की शिकणारीच आणून लावायची. शहरातल्या निम्म्या शिक्षिका आणि नर्सबाया या गाडीवर घाम गाळून गेल्या. मखमलाबादच्या रंगूबाई तर नऊवारीचा काष्टा खोचून शिकायला आल्या होत्या. आज त्या स्वतःच्या पिकअपमधून झेंडूचे क्रेट घेऊन फुलबाजारात जातात आणि गर्दीत रिव्हर्स घेताना पुरुषांना बाजूला व्हायला सांगतात.

वर्षापूर्वी क्लासला नवी छोटी गाडी आली आणि पद्मिनी घराशेजारच्या बोळात ताडपत्रीखाली गेली.

तिथंच तिची आणि धनरावांची गाठ पडली. धनराव म्हणजे मॅडमचे यजमान. ओझरच्या विमान कारखान्यात चौतीस वर्षं तपासणी खात्यात होते. दुसऱ्याने आवळलेला नट बघायचा, पटला तर त्यावर लाल रंगाचा ठिपका द्यायचा, नाही पटला तर परत पाठवायचा. निवृत्त झाले तरी ठिपका सुटला नाही. घरातला गॅसचा रेग्युलेटर, शिडी, मॅडमची स्कूटी, देव्हाऱ्याची बिजागरी, सगळ्यांवर लाल ठिपके आहेत. आता त्यांना त्या बोळात गुलाबाच्या कुंड्या लावायच्या होत्या. त्यांनी सोमा भंगारवाल्याला निरोप धाडला आणि गाडी उचलायला यायचा एक सोमवारही ठरवून टाकला.

मॅडम म्हणाल्या, गाडी जाणार नाही. कुंड्या गच्चीवर लावा.

त्यावर धनराव जे बोलले ते शांतपणे बोलले, म्हणून जास्त लागलं. "अगं, ती गाडी तू चालवलीस तरी कधी? पंचवीस वर्षं डावीकडे बसून ब्रेक मारलास. स्वतः बाजारात जातेस ती स्कूटीवर."

मॅडमनी पोळी लाटता लाटता मनात हिशोब केला. लायसन्स काढलं तेव्हा चालवली होती. नणंदेच्या बाळंतपणात एकदा, दवाखान्यापर्यंत. बस. त्या दिवशी गुरुवार होता, तरी नवऱ्याला उलट उत्तर द्यायला त्यांना एकसुद्धा खोटं सुचलं नाही.

उत्तर दुसऱ्या दिवशी द्वारका सर्कलला सापडलं. तिथं लियाकतभाईंचं गॅरेज आहे. पद्मिनीचं इंजिन आवाजावरून ओळखणारा हा माणूस. त्यांच्या भिंतीवर एक कागद चिकटवला होता. पाथर्डीकडच्या मोकळ्या मैदानावर ऑटोक्रॉस. मॅडमनी विचारलं, हे काय असतं? लियाकतभाईंनी समजावलं, की मातीत नारिंगी कोन मांडून वळणावळणाचा रस्ता आखतात, एका वेळी एकच गाडी सोडतात आणि किती वेळ लागला ते मोजतात. कोन पडला की दहा सेकंद वाढवतात. जुन्या गाड्यांचा एक हौशी गट होता. त्यात चालवणाऱ्याशेजारी एक जण बसू शकत होता, आणि तीन मिनिटांच्या आत फेरी पूर्ण करणाऱ्याला वेळेत आल्याचा बिल्ला मिळणार होता.

रविवारची तारीख होती. दुसऱ्या दिवशीचा सोमवार सोमाला दिलेला.

मॅडमनी नाव घातलं आणि घरी येऊन अट मांडली. तीन मिनिटांत आले तर गाडी राहील. नाही आले तर सोमा घेऊन जाईल आणि कुंड्यांना पाणीही मी घालीन. धनराव ठसका लागेपर्यंत हसले आणि मग अटीला कबूल झाले.

पद्मिनी टोचन करून, म्हणजे दुसऱ्या गाडीला बांधून ओढत, द्वारकेला नेली. लियाकतभाईंनी आधी तिच्यातलं जड ते काढलं. मागचं सीट, गालिचे, पंखा, डिकीतली पंचवीस वर्षांची चिल्लर-पिन-टिकल्यांची रास. गाडी उलटलीच तर म्हणून आत लोखंडी पाइपांचा पिंजरा जोडला. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांना एकेक पान वाढवलं, शॉकअप बदलले, इंजिनाचं हेड घासून आणलं, वर मोठा कार्बोरेटर चढवला. समोर दोन घट्ट सीटं आणि खांद्यावरून येणारे रुंद पट्टे. गाडी चालू केली की समोरचा चहावाला कपावर बशी झाकायचा.

धनराव पहिल्यांदा गॅरेजात आले ते गंमत बघायला. खुर्ची मागून घेतली, पायावर पाय टाकला. पाच मिनिटांनी त्यांची नजर पिंजऱ्याच्या एका बोल्टवर गेली. त्यांनी विचारलं, याला लॉकवायर नाही? म्हणजे नट फिरू नये म्हणून बांधतात ती बारीक तार. लियाकतभाई म्हणाले, साहेब, ही गाडी आहे, उडणार नाही. धनराव खुर्चीतून उठले. घरी गेले आणि तार, पक्कड, लाल रंगाची बाटली घेऊन परत आले. तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडे एकशे सोळा बाबींची छापील यादी होती. ज्या गाडीनं हरावं अशी त्यांची इच्छा होती तिचा एक नट ढिला राहू द्यायला त्यांचा हात धजावेना.

लियाकतभाईंनी मॅडमना बाजूला घेऊन विचारलं, "साहेब आपल्या पार्टीत आहेत का समोरच्या?"

"त्यांना अजून कळलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही विचारू नका."

डॅशबोर्डवरच्या पितळी गणपतीचा प्रश्न निघाला. नियम असा की गाडीत सुटी वस्तू नको. मॅडम म्हणाल्या, गणपती राहील. धनराव देवाच्या बाबतीत फारसे नसतात, पण सुटी वस्तू म्हटल्यावर त्यांचा जीव वरखाली झाला. त्यांनी मूर्तीखालच्या चौरंगाला बारीक भोक पाडून गणपती असा तारेनं आवळला, की विसर्जनाचं नावच काढायला नको. शेजारी लाल ठिपका.

मग एक दिवस धनराव हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत गेले असताना लियाकतभाईंचा फोन आला. मॅडम, एकट्या या.

मॅडम गेल्या तर लियाकतभाई गाडीखाली. त्यांनी बॅटरीचा झोत मारून दाखवला. डावीकडचा ब्रेक दाबला की एक रॉड उजवीकडच्या ब्रेकला ओढतो. तो रॉड मधोमध तुटलेला होता. पेडलची स्प्रिंग तेवढी शाबूत, म्हणून दाबलं की खाली जायचं, सोडलं की वर यायचं, आणि पलीकडे काही म्हणजे काही होत नव्हतं.

"हा आज नाय तुटला, मॅडम. तुटल्या जागेवर गंज बघा. तीन वर्षं तरी झाली."

गाडी उभी राहून एक वर्ष झालेलं. म्हणजे त्याआधी दोन वर्षं मॅडम रोज सकाळ-संध्याकाळ, द्वारका सर्कलला, त्र्यंबक रोडला, आरटीओच्या दारात, ते पेडल दाबत होत्या आणि तोंडानं "ब्रेक" म्हणत होत्या. आणि गाडी थांबवत होत्या त्या शिकणाऱ्या बायका.  मॅडम तिथंच तेलकट पाटावर बसल्या, डोळे मिटले आणि त्या दोन वर्षांतल्या एकेकीचं नाव घेऊन महादेवाला हात जोडले. बरीच नावं होती. लियाकतभाईंनीही छातीवर हात ठेवून वरच्याचे आभार मानले.

डोळे उघडले तेव्हा मॅडमना हसू यायला लागलं. ते थांबेना.

रॉड बदलू का, असं लियाकतभाईंनी विचारलं. मॅडमनी साहेबांच्या यादीत डावा ब्रेक आहे का ते आधी पाहिलं. नव्हता. चालवणारा उजवीकडे, तेव्हा डावीकडचं बिनकामाचं, म्हणून तपासणी खात्यानं तो धरलाच नव्हता. मॅडमनी सांगितलं, तुटलेली टोकं लोंबू नयेत अशी बांधून टाका आणि पेडल राहू द्या.

सरावाला रंगूबाईंनी द्राक्षबाग काढून मोकळं केलेलं शेत दिलं. मॅडम पहिल्या दिवशी सवयीनं डावीकडचं दार उघडून बसल्या आणि गाडी सुरू व्हायची वाट बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. उजवीकडे बसल्या तर प्रत्येक वळणाला इंडिकेटर द्यायच्या, बांधावरच्या बकरीला हॉर्न वाजवायच्या, आणि तोंडानं स्वतःलाच सूचना चालू. क्लच दाबा, आरशात बघा, घाई नको ताई. रंगूबाई शेजारी बसल्या होत्या. इतक्या वर्षांनी हातात आलेली संधी त्या सोडणार नव्हत्या.

"मॅडम, पाय काढा त्या ब्रेकवरनं. मला काय म्हनायच्या तुमी? थांबवायला सगळ्यांनाच येतं, चालवा आता."

चौथ्या दिवशी मातीत गाडीचा मागचा भाग पहिल्यांदा घसरून बाहेर गेला आणि मॅडमनी ब्रेक न मारता ती सरळ केली.  रंगूबाईंनी कमरेवर हात ठेवून वीसपैकी चौदा मार्क दिले.

रविवारी मैदानावर धूळ आणि भज्यांचा वास. स्पर्धेच्या तपासनीसानं गणपती हलवून पाहिला, हलला नाही. डावा ब्रेक दाबून पाहिला आणि भुवया उंचावल्या. लियाकतभाईंनी वाकून त्याला काहीतरी सांगितलं. त्यानं खाली डोकावून बांधलेली टोकं पाहिली, मॅडमकडे पाहिलं, आणि हसू दाबत काचेवर स्टिकर चिकटवला.

आणि मग धनराव म्हणाले, शेजारी मी बसणार. फेरी नीट होते की नाही ते डोळ्यांनी बघणार. हेल्मेट घातलं, पट्टे दोनदा ओढून पाहिले. मॅडमनी तिरक्या नजरेनं बघितलं, तर साहेबांचा उजवा पाय हळूच सरकत पेडलवर जाऊन टेकला होता.

"हा ब्रेक बघितलाय का कोणी?" त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"लियाकतभाईंनी अगदी आतून बघितलाय," मॅडम म्हणाल्या. रविवार होता, पण खोटं बोलायची गरजही पडली नाही.

झेंडा पडला. पहिलं वळण मॅडमनी बेतानं घेतलं, दुसरं जरा कमी बेतानं. तिसऱ्याला पद्मिनीनं ढुंगण फिरवलं आणि धुळीचा लोट वर गेला. डावीकडे धनरावांचा पाय शिलाई मशीनवर बसल्यासारखा चालला होता. दाब, सोड, दाब, सोड. मॅडमनी पाय उचलला, स्टिअरिंग उलट फिरवलं, गाडी सरळ झाली तसा पुन्हा ॲक्सिलरेटर दाबला. रंगूबाईंचा आवाज मैदानाच्या टोकावरनं ऐकू येत होता. सगळं बरं चाललं असताना शेवटून दुसऱ्या वळणाला मॅडमचा हात आपोआप इंडिकेटरकडे गेला. तेवढ्यात एक कोन आडवा झाला.

दोन मिनिटं सत्तेचाळीस. कोनाचे दहा. दोन सत्तावन्न.

माइकवरच्या माणसानं जाहीर केलं, की या मैदानावर इंडिकेटर देऊन वळलेली ही पहिलीच गाडी.

मॅडम गाडीतून उतरल्या त्या उजवीकडून. लियाकतभाईंच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते म्हणाले धूळ गेली. धनराव उतरले ते छाती पुढे काढून. जो भेटेल त्याला सांगत सुटले, की तिसऱ्या वळणाला मी वेळेवर ब्रेक मारला म्हणून, नाहीतर काही खरं नव्हतं. चहावाल्याला सांगितलं, रंगूबाईंना सांगितलं, घरी आल्यावर फोनवर बहिणीला सांगितलं. मॅडमनी बिल्ला देव्हाऱ्यात ठेवला.

सोमवारी सोमा आला. धनरावांनी त्याला जुना सायलेन्सर, मागचं सीट आणि गालिचे देऊन वाटेला लावलं. गाडी राहणार, असं दारातच सांगितलं. दिलेला शब्द त्यांनी पाळला.

मॅडम कपालेश्वराहून परतल्या. तिथल्या महादेवासमोर नंदी नाही. नंदीनं देवाला वाट दाखवली, तेव्हा देवानं त्याला गुरू मानलं आणि समोर बसू नकोस म्हणाला, असं सांगतात. मॅडमना ते वाहन असूनही गुरू झालेलं फार आवडतं. प्रसाद पुढे केला तर धनराव वाटच बघत होते. त्यांनी मुद्दाम हा दिवस निवडला होता. त्यांना पक्का शिक्का हवा होता.

"आज सोमवार आहे. खरं सांग. तिसऱ्या वळणाला माझ्या ब्रेकनं वाचलो ना आपण?"

मॅडमनी खोबऱ्याचा आणखी एक तुकडा दिला. धनरावांनी तो घेतला आणि वाट बघत राहिले. पळायला जागा नव्हती. मॅडमनी सगळं सांगितलं. रॉड, गंज, तीन वर्षं. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही कालच दाबलात. मी दोन वर्षं दाबत होते."

धनराव उठले. बॅटरी घेऊन बोळात गेले, ताडपत्री उचलली, गाडीखाली शिरले. बराच वेळ नुसते पाय दिसत होते. बाहेर आले तेव्हा केसांत जळमट होतं. आत येऊन त्यांनी यादी काढली, चष्मा लावला आणि शेवटी हातानं लिहिलं: एकशे सतरा. डावा ब्रेक. नापास. नवीन रॉड बसवणे. खाली सही केली, तारीख टाकली.

"पुढच्या खेपेला मी बसणार असेन, तर मला चालणारा ब्रेक पाहिजे," ते म्हणाले आणि कुंड्या गच्चीवर न्यायला लागले.

मॅडमनी त्या दिवशी कुणालाही फोन केला नाही. मंगळवारी सकाळी अंघोळ, पूजा आटोपली आणि लियाकतभाईंना फोन लावला. साहेब येतील, म्हणाल्या, रॉडचं विचारतील. जुन्या गाडीचा आहे, कुठंच मिळत नाही, असं सांगायचं.